कालवांच्या बेटावरची दुर्बीण

३ जाने., शनि.
ह्यांनी उद्या होडी पक्षी बघणाऱ्यांना दिलीय. पालघरची माणसं. ह्यांचं म्हणणं, मासळी नाही तर माणसं तरी न्यावीत. मला पटत नाही. बेटाची पश्चिमेकडची बाजू पक्ष्यांसाठी राखीव झाली तेव्हाही आधी दुर्बिणीवालेच आले होते. आता किनाऱ्याकडची उरलीय. आम्ही बायका तिथेच कालवं काढतो. तीही गेली तर... चहाचं निमित्त करून मी होडीत बसणार. बघतेच.

४ जाने.
उजाडताना सातपाटीहून निघालो. जाऊ हेमा नि बाकीच्या आधीच पोचून कालवं फोडत होत्या. पाहुणे सगळे पश्चिमेला तोंड करून. एक उंच बाई, तिला सगळे मॅडम म्हणतात, ती मात्र उलटी बसलेली. कॅमेरा थेट हेमावर. चहा देताना विचारलंच, पक्षी तिकडे, तुमी इकडे काय बघता?
"तुम्ही निघून गेलात की पक्षी इथेच येतात," म्हणाली. "शिंपल्यात उरलेलं खायला."
फारच गोड बोलते. वर विचारते, किती जणी येता? म्हटलं, दोघी-तिघी, कधीमधी. (असतो पुष्कळ, रोज.)

५ जाने.
हेमाला सांगितलं. ती म्हणाली, "आमचं उरलंसुरलं पक्षी खातात, त्यात वाईट काय हाय?" भोळी आहे. आम्ही असेपर्यंत पक्षी फिरकत नाहीत, असंही ती मॅडम सांगू शकतेच की. तोच फोटो दाखवून. हे म्हणतात, तुला सगळीकडे चोरच दिसतात.

७ जाने.
स्वतःच बघायचं ठरवलं. बाकीच्या होडीत बसल्या, मी खडकाआड थांबले. होडी थांबवून ठेवली म्हणून ह्यांची बोलणी खाल्ली. जरा वेळाने आले. काळेपांढरे, लाल चोचीचे, त्यांच्या मागोमाग दुसरे बारके पक्षी. मी फोडलेल्या शिंपल्यांतूनच वेचत होते. इतकी वर्षं इथे येते, कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. खूप बरं वाटलं.
म्हणजे पक्ष्यांबद्दल मॅडम खरं बोलली. आमच्याबद्दल कुठे काय बोलली असेल?

१० जाने.
मॅडमचा ह्यांना फोन. मंगळवारी पालघरला सरकारी ऑफिसात बेटाबद्दल बैठक. तुमच्या मिसेसना आणा, बायका नि पक्षी एकाच जागी कसे राहतात ते त्यांनीच सांगावं. हे खूश. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. किती जणी, ते तिथे सगळ्यांसमोर विचारलं तर? दोघी म्हटलं तर म्हणतील, दोघींसाठी काय बेट ठेवायचं. खरं सांगितलं तर म्हणतील, एवढ्या जणींत पक्षी कसे राहतील.

१२ जाने., सोम.
बेटावर उतरलो तर आमच्या बाजूला, खडकाच्या माथ्यावर, लोखंडी खांब. सिमेंट अजून ओलं. पाटी लावलेली, कोरी. कोणी लावली, ह्यांनाही ठाऊक नाही.
हेमा म्हणाली, "अजून कायच लिवलं नाय."
रोजच्या जागी बसले, कालवं फोडली. पक्ष्यांसाठी शिंपल्यात जरा जास्तच ठेवून आले. बैठक उद्या.