कानसेनाच्या पसंतीच्या दहा कॅसेट

२० ऑक्टोबर १९९६, दसरा
नवी वही, नवा संकल्प. डिसेंबरअखेर यंदाच्या प्रायव्हेट कॅसेटमधून उत्तम दहा निवडणे. मोठ्या कंपन्यांच्या कॅसेट बाद. त्यांच्याकडे जाहिरात आहे, कव्हरवर नट्या आहेत, त्यांना माझी गरज नाही. ज्यानं घरच्यांच्या शिव्या खाऊन स्टुडिओ गाठला आणि स्वतःच्या हिमतीवर कॅसेट काढली, त्याची कॅसेट मी ऐकणार.

दरवर्षी माझी यादी लोटूच्या गाडीवर चिकटवतात. (सुरतेजवळच्या आमच्या कडोदरा चार रस्त्यावर कॅसेटची गाडी आहे ती लोटूची. खान्देशी माणूस, सज्जन, पण कान कच्चा.) यंदा चाळीच्या मंडळाच्या अध्यक्षांनी खास घरी येऊन सांगितलं की ३१ डिसेंबरच्या कार्यक्रमात यादी माइकवर वाचायची. म्हणाले, श्रीरंगभाऊ, आपल्या चाळीत तानसेन पैशाला पासरीभर, कानसेन एकच. हे त्यांनी माझ्या बायकोसमोर, वत्सलासमोर सांगितलं ते बरं झालं.

दुसरा संकल्प: चहा कमी करणे.

२४ ऑक्टोबर
ऐकली: 'उधन्याचा पाव्हणा'. ढोलकी एक नंबर. पण कव्हरवर बासरीवाल्याचा फोटो, नाव पोपट, मु. चलथाण, आणि आत बासरी औषधालासुद्धा नाही. शुद्ध फसवणूक. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसलं. फरक नाही.

वत्सला म्हणाली की आवाज कमी करा, शेजारी भिंत ठोकतात. मला भिंत ठोकल्याचं काही जाणवलं नाही. शेजाऱ्यांना संगीत कळत नाही हा माझा दोष नव्हे.

३० ऑक्टोबर
ऐकली: 'साखर कारखान्यावरची चांदणी'. ऊसतोड कामगारांनी कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीपाशी बसून गायलेली. माणसं कष्टाळू, पण पेटीवाला नुसती डावी बाजू वाजवतो, उजव्या बाजूला बोटच लावत नाही. 'हजीऱ्याची बोट' मध्येही तेच. गेल्या वर्षी असं नव्हतं. यंदा सगळ्या स्टुडिओंनी मिळून वरचे सूर बंद केलेत की काय? यावर लेख लिहायला हवा. उद्यापासून.

आमची अश्विनी रोज संध्याकाळी शिवणक्लासला जाते. आल्यावर सुंठ घालून गरम पाणी पिते. कापसाची धूळ घशात जात असणार. महिना झाला, अजून एक रुमालही शिवून आणलेला नाही. गेल्या वर्षी हिला कॅसेटमध्ये गायचं होतं. मी समजावलं की सतरा वर्षांच्या गळ्याला काय कळतं, वेळ आली की मी सांगेन. बापाने वेळेवर सांगितलं म्हणून पोरगी मार्गाला लागली.

३ नोव्हेंबर, रविवार
चलथाणला जाऊन पोपटला गाठलं. सरळ विचारलं की बासरी कुठे आहे. बिचारा गोंधळला. बासरी काढून माझ्यासमोर वाजवून दाखवली. मी जवळून बघितलं. माणूस नुसती बोटं नाचवतो, फुंकतच नाही! मधेच थोडंसं कुईं झालं, बस. आजूबाजूचे लोक मान डोलावत होते. मेंढरं. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं की कलेत असली बेइमानी चालत नाही. त्याचे डोळे भरून आले. चोराच्या मनात चांदणं.

परत येताना टेंपोत डोकं दुखलं. चहा दोनदा.

६ नोव्हेंबर
अखेर एक खरी कॅसेट सापडली. 'निळ्या पाखरांचा थवा', उधन्याच्या मिलमधल्या कामगारांची. गाण्यामागे एक बारीक, अखंड सूर धरलाय. तंबोरा नाही, शिट्टीसारखा काहीतरी. टेप बंद केला तरी सूर कानात चालूच. याला म्हणतात असर. तात्पुरता क्रमांक एक.

७ नोव्हेंबर
असर अजून चालू आहे.

९ नोव्हेंबर
असर चालू. अश्विनीला विचारलं की तुलाही ऐकू येतो का. तिने कान दिला आणि म्हणाली की काहीच वाजत नाही. या पिढीचे कान गेलेत.

११ नोव्हेंबर, दिवाळी
दिवाळीची सुट्टी. आमचं लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना, लाभपाचमीपर्यंत बंद. एरवी तिथे एवढे लूम एकदम धडधडतात की आम्ही कारीगर कानाने ऐकतच नाही, समोरच्याचे ओठ बघून समजतो. मी त्यात उस्ताद आहे. शेठ लांबून दुसऱ्याला काय शिवी देतो तेही मला कळतं.

तर सगळं बंद, आणि शिट्टी वाढली. घरात आहे, संडासात आहे, चार रस्त्यावर आहे. दुपारी वाटलं की खात्यात कुणी लूम चालू ठेवून गेलं असेल. वॉचमनकडून किल्ली घेऊन आत गेलो. सगळे लूम गप्प. एकेकावर हात ठेवून बघितला, थंडगार. आणि शिट्टी आत बाहेरच्यापेक्षा मोठी.

मी बळीरामच्या लूमसमोर उभा होतो. तो गेल्याला दीड वर्ष झालं असेल. माझ्या शेजारच्या लूमवर असायचा. काम करताना त्याचे ओठ सारखे शिट्टी वाजवल्यासारखे असायचे. त्या आवाजात त्याची शिट्टी कुणीच कधी ऐकली नाही. आता येते आहे. मी किल्ली परत दिली आणि वॉचमनला सांगितलं की सगळं ठीक आहे.

१२ नोव्हेंबर
भीती नाही. नोंद म्हणून लिहितो. बळीरामची एक भजनाची कॅसेट माझ्याकडे आहे. ऐकायला आणली होती, द्यायची राहिली. त्याने दोन-तीनदा मागितली होती. मी ओठ न समजल्यासारखं केलं होतं. तो शिट्टी वाजवतो ती त्याचसाठी. उपाय सोपा आहे.

१४ नोव्हेंबर
बळीरामच्या बायकोकडे, चंद्रभागाबाईंकडे जाऊन कॅसेट दिली. नारळही दिला. त्यांनी चहा केला. मी सहज विषय काढल्यासारखं दाखवून विचारलं की बळीराम घरी शिट्टी वाजवायचा का. बाई म्हणाल्या की नाही हो, उलट त्यालाच ऐकू यायची. शेवटची काही वर्षं म्हणायचा की कुणीतरी शिट्टी मारतंय, पत्र्यावर चढून बघायचा. झोपताना रेडिओ उशाशी, स्टेशन न लावता, नुसती खरखर. त्याशिवाय डोळा लागायचा नाही. पुढे पुढे मी काय म्हणते तेही त्याला समजेना, मी तोंड फिरवलं की संपलं, असं म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

म्हणजे शिट्टीवाला बळीराम नव्हे. बळीरामच्याही आधीचा कुणीतरी आहे. खात्याची जागा शेठने भगताला विचारून घेतली होती की नाही देव जाणे.

चहा पाच वेळा.

१८ नोव्हेंबर
लूम सुरू. शिट्टी बंद. खात्याच्या दाराला लिंबू-मिरची बांधली होती, तिचा गुण. (खात्यातून बाहेर आल्यावर पुन्हा सुरू. लिंबू शिळं झालं असणार.)

वत्सला म्हणाली की सुरतेला कानाचा डॉक्टर आहे. मी हसलो. कानसेनाने कानाच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे पहिलवानाने तालमीत जाऊन ताकदीचं औषध मागायचं. तिला सांगितलं की दोष लोकांच्या बोलण्यात आहे. हल्ली सगळे पुटपुटतात, तीही. विशेषतः भांडी घासताना.

१ डिसेंबर
नऊ नक्की. दहावी सापडत नाही. अंगावर शाल, उशाशी टेप, रेडिओसुद्धा. रेडिओ स्टेशन न लावता ठेवला तर जरा बरं वाटतं. हे बळीरामवरून नाही, माझी स्वतःची युक्ती आहे.

१५ डिसेंबर, रविवार
लोटूने एक कॅसेट आणून दिली. कोरी डबी, नाव नाही, फोटो नाही. म्हणाला की कव्हर छापायला गेलंय, पण तू मोकळ्या मनाने ऐक, मुलगी नवी आहे, तिला तुझाच निकाल पाहिजे, दुसऱ्या कुणाचा नको. हे सांगताना उगाच हसत होता. वत्सलाही दारात उभी राहून ऐकत होती. तिला संगीतात रस कधीपासून?

ऐकली. दोनदा ऐकली. परखड लिहितो. ढोलकी सोडली तर हाती काही लागत नाही. मुलगी गाते म्हणे, पण लांब विहिरीत कुणी बोलल्यासारखं. ना शब्द, ना वरचा सूर. शेवटच्या गाण्यात तर कहर. ढोलकी थांबते आणि मग बराच वेळ टेप कोरी. पुढे काही असेल म्हणून मी बाजू संपेपर्यंत बसलो. काही नाही. क्रमांक दहा, तोही लोटूच्या भिडेखातर. शेरा तयार: 'या मुलीने गाण्याच्या फंदात न पडता शिवणकाम शिकावं, आमची अश्विनी शिकते तसं.' हा शेरा टाळ्या घेणार.

रात्री जेवताना अश्विनीने विचारलं की बाबा, ती नवी कॅसेट कशी वाटली. मी म्हणालो की निकाल माइकवर. तिचा चेहरा एवढा उजळला की मलाच बरं वाटलं. बापाचा मान मोठा होतोय याचा पोरीला आनंद.

३१ डिसेंबर, दुपार
कोट इस्त्रीला दिलाय. यादी तीनदा मोठ्याने वाचली. आवाज खणखणीत. वत्सलाने मधे येऊन दहाव्या क्रमांकाचा कागद बघायला मागितला. मी दिला नाही. गुपित ते गुपित.

१ जानेवारी १९९७
काल काय झालं ते क्रमाने लिहितो.

मैदान भरलेलं. मी दहाव्यापासून सुरुवात केली. शेरा वाचून टाळ्यांसाठी थांबलो. टाळ्या नाहीत. सगळे गप्प. मला वाटलं की भारावले. पुढे नऊ, आठ, सात वाचत गेलो. कागदात बघत होतो, त्यामुळे लोकांकडे लक्ष नव्हतं. मधेच लोटूने माझ्या हातून माइक घेतला. त्याची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे काय बोलला ते समजलं नाही. नंतर टाळ्या झाल्या. माझंच कौतुक असणार म्हणून मी उभा राहिलो आणि चारी बाजूंना वाकून नमस्कार केला. तेव्हा दिसलं की बायकांच्या रांगेतून अश्विनी उठून जाते आहे आणि सगळे तिच्याकडे बघून टाळ्या वाजवताहेत.

घरी आल्यावर वत्सलाने मला दिव्याखाली बसवलं, समोर बसली आणि हळूहळू सांगितलं. शिवणक्लास नव्हताच. पोरगी तीन महिने लोटूच्या बहिणीकडे तालीम करत होती. ती दहावी कॅसेट तिचीच, नाव मुद्दाम लपवलं. तिचं म्हणणं होतं की बाबा लेक म्हणून चांगलं म्हणतील ते मला नको, कानसेन म्हणून काय म्हणतात ते ऐकायचंय.

मी म्हणालो की टेपचं हेड खराब आहे. वत्सला काहीच बोलली नाही. म्हणजे ओठ हलले नाहीत.

४ जानेवारी
नवं हेड बसवलं. कॅसेट लावली. ढोलकी. चाळीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या, एक तर रडायला लागली. मी त्यांचे चेहरे बघत बसलो. गाणं कुठे चाललंय ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं.

अश्विनी माझ्याशी बोलत नाही. वत्सला म्हणते की बोलते, पण पाठमोरी बोलते.

९ जानेवारी
सुरतेला जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन. आवाज आला की बटण दाबा म्हणाले. काचेपलीकडच्या बाईचा हात मशीनवर हलला की मी दाबत होतो. मस्त चाललं होतं. मग तिने खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली.

डॉक्टर कागदावरची रेघ दाखवत होते. डावीकडे वर, उजवीकडे धाडकन खाली. पेटीची उजवी बाजू. म्हणाले की लूमच्या आवाजाने झालं आहे, वर्षानुवर्षं होत आलंय, गेलेलं परत येत नाही. शिट्टी बाहेर कुठे नाही, कानातलीच आहे, ती राहणार. मी विचारलं की भुताची शक्यता अगदीच नाही का. निदान भूत असतं तर उतरवता आलं असतं, असं मला खरोखरच वाटलं.

पोपटला पत्र लिहायचं आहे. तो फुंकत होता.

११ जानेवारी
यादी फाडली. माणसांचे ओठ वाचून मी इतकी वर्षं निभावलं आणि मला पत्ताही लागला नाही. कॅसेटला ओठ नसतात.

खात्यात शेजारच्या लूमवर नवा माणूस आलाय, नरेंद्र. त्याला कापसाचे बोळे दिले आणि कानात घालायला सांगितलं. हसला. मीही हसलो असतो.

१४ जानेवारी, संक्रांत
लूम बंद, शिट्टी चालू. सगळं कडोदरा गच्चीवर, पतंग.

अश्विनीने तिळगूळ दिला. समोर उभं राहून दिला, गोड बोला म्हणाली ते स्पष्ट दिसलं. मी म्हणालो की ते शेवटचं गाणं म्हण. इथे, उजेडात, माझ्याकडे तोंड करून. आधी नको म्हणाली. वत्सलाने तिच्या पाठीवर हात ठेवला, मग म्हणाली.

शब्द सगळे कळले. एक सुटला नाही. माहेरच्या वाटेवरच्या बोरीचं गाणं आहे, आणि मी त्याला विहिरीतली बडबड म्हणालो होतो. श्वास कुठे घेते तेही दिसलं. शेजारच्या गच्चीवरच्या पोरांनी मांजा तसाच हातात धरून ठेवला होता. फार सुंदर गाते माझी पोरगी. हे मी सांगतो, कानसेन नाही.

शेवटची ओळ झाली. तिने ओठ मिटले. मी मोठ्याने वा म्हणालो आणि टाळ्या वाजवल्या.

वत्सलाने माझे दोन्ही हात धरले. अश्विनीचे डोळे मिटलेले होते आणि गळा हलत होता. गाणं अजून चालू होतं.