बाबांच्या कानातला माझा लेप

३ मार्च
आज बाबांचा कान सुरू झाला. बाबा म्हणजे माझे सासरे. जन्म बॉयलरच्या कारखान्यात घणांच्या दणदणाटात गेला, त्यात कान गेले. राहतात आमच्याकडेच. महिन्यापूर्वी ऑपरेशन करून आतल्या कानात तार बसवली. तार आमच्या कंपनीची. तारेवरचा लेप माझा. लेप नसेल तर शरीर तारेला परकी समजतं आणि तिच्याभोवती चिवट आवरण चढवतं, मग करंट मज्जातंतूपर्यंत पोचत नाही. माझ्या लेपामुळे शरीराला वाटतं, आपलीच आहे. थोडक्यात, बाबांना ऐकू आलं ते माझ्यामुळे. डॉक्टर, बाकीचे इंजिनिअर वगैरे होते मदतीला.

कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी आवाज पकडणारं बाहेरचं बटण कानामागे लावलं. ते कातडीखाली बसवलेल्या लोहचुंबकाला चिकटतं. पहिलं वाक्य मी बोलायचं, असं मीच ठरवलं होतं. दीड पानी होतं. बाबा मध्येच म्हणाले, बदक बोलतंय असं वाटतं. बाई म्हणाल्या, सुरुवातीला सगळेच आवाज तसे वाटतात, हळूहळू मेंदूला सवय होईल, घरच्यांनी बोलत राहायचं. हे त्या बहुतेक माझ्याकडे बघूनच म्हणाल्या.

४ मार्च
संकल्प: रोज संध्याकाळी तासभर बाबांशी बोलणे. विषय: जिवंत शरीर आणि निर्जीव वस्तू यांचे संबंध. बायको म्हणाली, आधी भाजी काय आणू एवढं विचार त्यांना. तिला लाँग टर्म विचार जमत नाही.

९ मार्च
प्रगती जबरदस्त. बाबांना दाराची बेल कळते, नळ टपकतोय ते कळतं, बायको आतल्या खोलीत पुटपुटते तेही कळतं. माझंच कळत नाही. माझा आवाज जरा खर्जातला आहे. बाईंना फोन केला. म्हणाल्या, एकाच माणसाचं ऐकू येत नाही असं सहसा होत नाही. म्हणजे केस दुर्मिळ आहे. पेपर लिहावा का?

१४ मार्च
बटण फ्रिजच्या दारावर चिकटलेलं सापडलं. काल कपाटाच्या हँडलवर होतं. चुंबक ढिला आहे. चुंबक हे ऑफिसात बॅटरीचं खातं. (बॅटरी हे माझ्या एका सहकाऱ्याचं टोपणनाव. फार कमी बोलतो, चार्ज वाचवत असल्यासारखा.) त्याला झापलं. तो म्हणाला, ढिला असता तर बटण फरशीवर पडलं असतं, फ्रिजवर कसं चढेल? मी म्हटलं, ते शोधणं तुझं काम.

१७ मार्च, दुपार
नवा संकल्प: कमी बोलणे.

१७ मार्च, जेवणानंतर
संकल्प कसा सुचला आणि त्यामागे काय विचार आहे, ते जेवताना दोघांना सविस्तर सांगितलं. जेवण निवलं. बाबांचं बटण पुन्हा पडलं. या खेपेला पाण्याच्या जगला चिकटलं. बाबा मात्र मजेत जेवत होते.

२२ मार्च
मोठ्या मॅडमनी मला आणि बॅटरीला केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या आठवड्यात एका इस्पितळाचे डॉक्टर येणार, त्यांना तार वापरणारा खराखुरा पेशंट बघायचाय. पटलं तर मोठी ऑर्डर, नाही तर लेपाचं खातं बंद. मी म्हटलं, पेशंट माझ्या घरातच आहे. बॅटरी म्हणाला, त्यांचं बटण पडतं असं तूच सांगत होतास. मी म्हटलं, ती चूक तुझी आहे, आणि मी ती मोठ्या मनाने सांभाळून घेईन.

२५ मार्च
बाबांना भाषण लिहून दिलं. त्यांनी घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. म्हणाले, विचारतील तेवढं सांगेन. टेबल हलायचं थांबलं, एवढं खरं.

धाकधूक आहे. मी बोलायला लागलो की दोनेक मिनिटांत बाबांचा सिग्नल जातो. तारेवर आवरण चढायला लागलंय का? लेप फसला का? इतकी वर्षं दुसरं काही केलेलं नाही. बायकोला विचारलं. ती म्हणाली, अरे, मला तुला एक सांगायचंय. पण आवरण कसं तयार होतं हे माहीत असल्याशिवाय तिचं मत काय कामाचं? म्हणून आधी ते समजावलं. संपेपर्यंत ती उठून गेली होती.

२९ मार्च
झालं एकदाचं. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, बाबांनी फटाफट उत्तरं दिली. मागच्या रांगेतला एक जण तोंडावर हात धरून बोलला, तेही ऐकलं. मग मी शास्त्रीय बाजू मांडायला उभा राहिलो. बाबांनी बटण काढलं आणि खुर्चीच्या लोखंडी पायाला चिकटवलं. सगळ्यांसमोर.

मुख्य डॉक्टरीणबाईंनी खुणेनेच विचारलं, बंद पडलं का? बाबांनी बटण परत लावलं. म्हणाले, छे हो, उत्तम चालतं. आमचे जावई बोलायला लागले की मी काढून ठेवतो. माणूस चांगला आहे. पण बॉयलरला निदान जेवणाची सुट्टी असायची.

हॉल खो खो हसला. बॅटरीचं हसू पहिल्यांदाच ऐकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हवं तेव्हा शांतता मिळते, हे आम्हाला फार आवडलं. ऑर्डर मिळाली. मॅडमनी बटणाबद्दल बॅटरीचं अभिनंदन केलं.

येताना गाडीत बाबा म्हणाले, राग आला का? मी म्हटलं, नाही. आणि गाडी चालवत राहिलो. घरी येईपर्यंत बटण जागेवर होतं.

३० मार्च
लेप फसलेला नाही. एवढं लिहून ठेवतो.

जेवताना गप्प होतो. बायकोने कपाळाला हात लावून ताप बघितला. थोड्या वेळाने बाबांनी आपणहून विचारलं, त्या लेपात नेमकं काय असतं? थोडक्यात सांगा. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी मान डोलावली. तिसरं वाक्य तोंडाशी आलं, तेवढ्यात त्यांचा हात कानामागे गेला. मी थांबलो. त्यांनी नुसतं खाजवलं.

पण तोवर शांतता पडली होती, आणि तिच्यात बाबांना बोलायला जागा सापडली. बॉयलरचा पत्रा कसा वाकवायचा, तापलेली रिव्हेटची खीळ लाल कधी, पांढरी कधी, फोरमन कोणाला काय म्हणाला, असं बरंच. बायको भांडी आवरून आली तरी चालूच होतं.

माझ्या कानामागे बटण नाही. सगळं ऐकलं.