वीसपैकी साडेसात

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि भाऊजींचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे, हे आधी कळव. इकडे आम्ही सगळे ठीक. (म्हणजे बाकीचे ठीक, मी संतापलेला.)

कारण तुझ्या भाचीचं दुसरीचं प्रगतिपुस्तक. उघडलं तर आत एकही आकडा नाही! प्रत्येक विषयापुढे पाच पाकळ्यांचं फूल, त्यातल्या काही रंगवलेल्या, आणि खाली शेरा. गणित बहरात, वाचन उमलत आहे. अगं, मी मुलीला शाळेत घातलंय की कुंडीत? तीस वर्षं मी दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करतोय. साखरेच्या पोत्यावर कुणी 'वजन उमलत आहे' असं लिहिलं, तर गिऱ्हाईक ते पोतं त्याच्याच डोक्यात घालेल. माझ्याकडे आलेला काटा पाच ग्रॅमने जरी चुकला, तरी मी त्याला 'नापास' अशी लाल चिठ्ठी बांधतो आणि दुरुस्त होईपर्यंत सोडत नाही.

तडक शाळेत गेलो. पालकांना बसायला पोरांच्याच खुर्च्या. (गुडघे हनुवटीला लागले की माणसाचा राग निम्म्यावर येतो, हे शाळेला पक्कं माहीत असावं.) बाईंना म्हटलं, पाकळ्या राहू द्या, शंभरपैकी किती ते सांगा. त्या वहीत बघून शांतपणे म्हणाल्या की वर्षाच्या सुरुवातीला ती एका ओळीत चारदा अडायची, आता अख्खं पान वाचते, आणि चुकली तर स्वतःच मागे जाऊन सुधारते. मी म्हटलं, ते सगळं खरं, पण पैकी किती? बाई हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या खुर्चीतून झटकन उठताही येईना.

म्हणून परीक्षा मीच घेतली. दुकानातल्या उंच स्टुलावर तिला बसवलं, वीस ओळींची गोष्ट वाचायला दिली आणि पेन्सिल घेऊन दर चुकीला अर्धा गुण कापला. वीसपैकी साडेसात! निकाल चोख कळावा म्हणून पुस्तकाला लाल चिठ्ठीही बांधली. (सवयीने. हात थांबलाच नाही.) ही पोर येता-जाता शेजारच्या वाण्याच्या डब्यांवरची, पोत्यांवरची नावं मोठमोठ्याने वाचायची, गिऱ्हाइकांना नको नको व्हायचं. त्या दिवसापासून चिडीचूप. पुस्तक घेऊन बसते, मी आलो की मिटते. हिचं म्हणणं, "काट्याला लाज नसते हो, पोरीला असते." म्हणजे आता बायकोनेही माझंच माप काढायचं!

आणि शाळेचा आगाऊपणा बघ. शेवटच्या पानावरचं एक फूल म्हणे पालकांनी रंगवायचं: 'मूल घरी मोठ्याने वाचून दाखवतं का?' महिनाअखेरीला परत द्यायचंय. तीन दिवस ते पान माझ्यापुढे पडून आहे. एकही पाकळी रंगवता येत नाही, आणि खोटं माप मी जन्मात कुणाला दिलेलं नाही. चूक सर्वस्वी शाळेची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ

ता. क. पत्र नुसतं मन मोकळं करायला लिहिलंय. काम काही नाही.

ता. क. २. जाऊ दे, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? दर रविवारी ती तुला फोन लावते आणि दार बंद करून गोष्ट वाचून दाखवते, हे मला कळलंय. मी दाराबाहेर उभा असतो. नुसती कुजबुज ऐकू येते गं. येत्या रविवारी तिला सांग, आवाज नीट येत नाही, जरा मोठ्याने वाच.

ता. क. ३. आणि चुका मोजू नकोस. मोजल्याच, तर मला कळवू नकोस.