सुरवंटाचा कौल

६ नोव्हेंबर २००६, सोमवार. संध्याकाळ

माझं आयुष्य बदललं ते आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. वेळ पक्की आहे, कारण सायबर कॅफेच्या रजिस्टरमध्ये मीच लिहिली. उन्नती, तीन नंबर, ४.१०.

प्रोजेक्टची प्रिंट काढायला आली होती. प्रिंटर खोकत होता आणि ती माझ्या खुर्चीमागे उभी. मी गेम खेळत होतो, दाजींनी गिऱ्हाइकांसाठी टाकलाय तो. रानात फिरायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळून मोठे करायचे, लढवायचे. माझ्याकडे नुकताच पकडलेला सुरवंट होता. निळा, गोलमटोल, डोक्यावर शेंडी. ती वाकून म्हणाली, अय्या, काय गोड आहे रे! याचं फुलपाखरू होणार ना?

मी म्हणालो, होणारच.

यात काय एवढं, असं कोणीही म्हणेल. पण कॉलेजला होतो तेव्हाची तिची माझ्याशी बोललेली सगळी वाक्यं मला पाठ आहेत. बहुतेक 'जरा सरक' या प्रकारची. हे वेगळं होतं.

७ नोव्हेंबर, मंगळवार

गेमची माहिती वाचून काढली. सुरवंट सातव्या लेव्हलला कोशात जातो, दहाव्या लेव्हलला कोश फुटतो. आतून काय निघेल ते मात्र आधी कळत नाही. एक तर रंगीत फुलपाखरू, नाही तर मातकट पतंग, ट्यूबलाइटवर डोकं आपटत बसतात तसला. कोश बाहेरून सारखेच.

म्हणजे हा कौलच झाला. अंबाडीजवळ आमचं गाव, तिथल्या देवीला आई लावते तसा. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आईने फ्रीज घेतानासुद्धा कौल लावला होता. मी तेव्हा हसलो होतो. चुकलंच.

ठरलं. फुलपाखरू निघालं तर त्याच दिवशी उन्नतीला सांगायचं. पतंग निघाला तर जन्मभर तोंड बंद. एक प्रश्न, एक कौल. पुन्हा लावायचा नाही, देवी कोपते.

सुरवंटाचं नाव ठेवलं S+U. सार्थक आणि उन्नती. बाहेरच्याला कळणार नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

ट्रेनिंग जोरात. पाचवी लेव्हल. जीव एवढासा, पण माघार घेत नाही. माझ्यावर गेलाय.

दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, कॅफे त्यांचाच, दुपारी मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, सार्थक, गिऱ्हाईक दारात ताटकळतंय आणि तू अळ्या पाळतोस? मी म्हणालो, अळी नाही, सुरवंट आहे. ते म्हणाले, हां, हे बरं झालं. सासूबाई विचारतात पोरगा काय करतो, आता सांगतो, सुरवंटात आहे.

मग चहा पिताना सहज बोलून गेले, तुळशीची लग्नं झाली, आता स्थळं सुटली. वडप्याचे बाळारामशेठ पोरीसाठी बघतायत. जमीन गोडाऊनला दिलीय, बार दणक्यात उडवणार.

बाळारामशेठ म्हणजे उन्नतीचे वडील.

मी फक्त स्टेपलर ठेवला. जरा जोरात ठेवला गेला. तुटला. रागावर कंट्रोल, आजपासून.

१३ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी गल्लीतले कापडाचे लूम एकदम गप्प. लाईट गेली की आधी कानाला कळतं. यूपीएसवर दहा मिनिटं मिळतात. कोश नवव्या लेव्हलला होता. घाईघाईत एक लढाई मारली. कोश थरथरला, फुटला. पतंग.

शांतपणे विचार केला. हा कौल धरता येत नाही. बॅटरीवर लावलेला कौल कोण मानेल? समई विझली तर आईसुद्धा पाकळ्या काढून पुन्हा लावते. म्हणजे पुन्हा लावायचा नाही हा नियम तसाच आहे, फक्त पहिला लागलाच नव्हता.

संध्याकाळी नवीन सुरवंट पकडला. S+U 2.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

S+U 2. पतंग.

वडापाव खाल्लेल्या हातांनी माऊस धरला होता. माझीच चूक. S+U 3 आंघोळ करून पकडणार.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आईने पुन्हा कॉलेजचा विषय काढला. म्हणाली, चार ओळींचं माफीपत्र, सार्थ्या, चार ओळींचं. प्रिन्सिपॉल अजून घेतायत म्हणे.

इथे एकदा स्पष्ट लिहून ठेवतो. मी कॉलेज सोडलं. कॉलेजने मला काढलं नाही. एस. वाय. बी. कॉम.ला असताना भाविक नावाचा एक मुलगा उन्नतीची वही घेऊन हसत हसत चालला होता, मी त्याच्या कानाखाली वाजवली. कोणीही वाजवली असती. तो तिचा सख्खा चुलतभाऊ निघाला, हे त्याने आधी सांगायला हवं होतं. गाल सुजल्यावर सांगून काय उपयोग?

तेव्हा उन्नती म्हणाली होती, लिही ना रे माफी, तुझं काय जातं? मी म्हणालो, प्रश्न इज्जतीचा आहे. ती म्हणाली, कोणाच्या? मी उत्तर दिलं नाही. करारीपणा दिसला असेल.

२२ नोव्हेंबर, बुधवार

S+U 3 पतंग. आंघोळ केली होती, पण कोश फुटताना एक बाई मध्येच येऊन म्हणाल्या, इथे पासपोर्ट फोटो काढतात का. ऐन कौलात टोकलं. बाद.

मी त्यांना जरा मोठ्या आवाजात 'नाही' म्हणालो. दाजींनी त्यांच्यासमोरच माझी खुर्ची दाराजवळ हलवली. म्हणाले, इथं बस, हवा लागेल डोक्याला.

२६ नोव्हेंबर, रविवार

S+U 4. पतंग. कारण शोधतोय. सापडेल.

२९ नोव्हेंबर, बुधवार

उन्नती आली! दुपारी तीनला. तीन नंबरवर बसली. कॉम्प्युटर लावलाच नाही. नुसती बसून राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

बऱ्याच वेळाने म्हणाली, रविवारी पडघ्याचे पाहुणे येणार आहेत मला बघायला. बाबांना स्थळ पसंत आहे. मुलाचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे.

माझ्या डोक्यात सणक गेली, पण कंट्रोल केला. म्हणालो, बरं.

ती म्हणाली, बरं काय? तुला काही बोलायचंय का माझ्याशी?

आता माझी अडचण समजून घ्यावी. S+U 5 कोशात होता. आठवी लेव्हल. दोन लेव्हल राहिल्या होत्या. कौल लागलेला असताना मध्येच पाकळी हाताने काढली तर? म्हणून मी शांत आवाजात म्हणालो, रविवारपर्यंत थांब.

ती म्हणाली, अरे, रविवारीच येतायत ते.

मी म्हणालो, तोपर्यंत नक्की होईल.

काय होईल, असं तिने विचारलं. मी नुसता हसलो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग उठली. दारात थांबून म्हणाली, तुझ्या सुरवंटाचं काय झालं? मी म्हणालो, चालू आहे.

मला वाटतं तिला सगळं कळलं. अर्धा तास बसली, पण मी रजिस्टरमध्ये नाव लिहिलं नाही. हेही तिच्या लक्षात आलंच असेल.

१ डिसेंबर, शुक्रवार

S+U 5.

पतंग.

कीबोर्डची एंटरची कळ निघाली. दाजी म्हणाले, उद्यापासून गेम बंद. मी म्हणालो, रविवारपर्यंत द्या. ते म्हणाले, रविवारी काय आहे? मी सांगितलं नाही. त्यांनी कळ उचलून खिशात टाकली. म्हणाले, बरं, रविवारपर्यंत. ताईकडे बघून गप्प बसतोय मी. तेवढं ध्यानात ठेव.

२ डिसेंबर, शनिवार. रात्र

आज भाविक आला. कानाखालीवाला. मला वाटलं हिशेब चुकता करायला आला, मी बाह्या वर केल्या. तो म्हणाला, बस बाबा, एक गाल झालाय, दुसरा लग्नात फोटोला लागेल.

मग त्याने माझी स्क्रीन बघितली. S+U 6. म्हणाला, हे काय चाललंय? का कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. कौल, पाकळ्या, सगळं. हसला असता तर दुसरा गालही गेला असता. हसला नाही. उलट डोक्याला हात लावून बसला.

म्हणाला, येड्या, कोशात काही ठरत नसतं. मी हा गेम दोनदा पूर्ण खेळलोय. तू सुरवंट पकडतोस ना, त्याच क्षणी त्याला आतून एक नंबर पडतो. तो आपल्याला दिसत नाही. फुलपाखरू की पतंग, ते तिथेच ठरलेलं असतं. तू लढव, खायला घाल, आंघोळ कर, काय वाटेल ते कर.

मी माऊस रुमालाने पुसला.

तो म्हणाला, तुला तिला विचारायचंय ना? मग आज विचार. काका वाटतात तेवढे कडक न्हाय. मी येतो बरोबर, मी बोलतो त्यांच्याशी, फक्त तू तोंड उघड. बुधवारी तुझ्याकडून घरी आली ती जेवली न्हाय.

मी त्याला सांगितलं, मला मदतीची गरज नाही.

तो उठला, म्हणाला, उद्या अकराला येतायत लोक. आणि गेला.

नंतर विचार केला तेव्हा लख्ख उजेड पडला. नंबर आधीच ठरलेला असेल तर ते पाच कौल कौलच नव्हते! चुकीचे सुरवंट पकडले गेले एवढंच. कारण सापडलं. म्हणजे फक्त योग्य सुरवंट पकडायचा.

S+U 6 पतंग, पाच वाजता. S+U 7 पतंग, कॅफे बंद करताना. उद्या सकाळी किल्ली माझ्याकडेच आहे. दाजी मांडवीला नातेवाइकांकडे.

३ डिसेंबर, रविवार. सकाळी ११.४०

फुलपाखरू!!!

S+U 8. केशरी, निळे पंख, काळी किनार. पंख हलवतोय. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. कॅफेत दुसरं कोणीच नव्हतं.

देवी प्रसन्न आहे. अकराला येणार म्हणजे पाहुणे बाराला पोचतात. पोहे, चहा, गोडाऊनच्या गप्पा, दोन तरी वाजणार. आरामात पोचतो. शर्ट इस्त्रीचा आहे. काय बोलायचं ते रिक्षात ठरवतो.

३ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ

वडप्याला पोचलो तेव्हा एक वाजला होता. बाळारामशेठच्या दारात चपलाच चपला. ओटीवर माणसं पान खात होती. पाहुणे वेळेवर आले होते. दोन्हीकडून पसंती झाली आणि त्यांच्यातल्या कोणा म्हाताऱ्याने म्हटलं, दिवस चांगला आहे, उगा फेऱ्या कशाला, सुपारी फोडूनच घ्या. फुटली होती. माझ्या आधी अर्धा तास.

मी दारात उभा. उन्नतीच्या आईने बघितलं. मला कोण समजली माहीत नाही. म्हणाली, बरा झाला रं पोरा आलास, खुर्च्या न्हाय पुरत, शेजारच्या घरान् ठेवल्यान्, जरा आण बरं.

मी आणल्या. नाही म्हणायला हवं होतं. लाल प्लास्टिकच्या. भाविक समोरून आला, माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या अर्ध्या खुर्च्या घेतल्या. दोन फेऱ्या आम्ही बरोबर केल्या. तिसऱ्या फेरीत मी हळूच म्हणालो, त्या दिवशीचं, कानाखाली, सॉरी. तो म्हणाला, आता न्हाय रे, आता न्हाय.

पाहुण्यांच्या पोराला मीच खुर्ची दिली. चांगला मुलगा आहे. थँक्यू म्हणाला.

शेवटची खुर्ची ठेवायला मागच्या पडवीत गेलो तर तिथे उन्नती. हिरवी साडी, कपाळाला हळदकुंकू, हातात ओटीचा नारळ. एकटीच होती. मला बघून दचकली नाही. म्हणाली, रविवार झाला. बोल.

रिक्षात ठरवलेलं सगळं गेलं. मी म्हणालो, फुलपाखरू झालं.

ती म्हणाली, कोणाचं?

मग मी सांगितलं. कौल लावला होता, पहिल्यांदा लाईट गेली, मग हात धुतले नव्हते, मग ती पासपोर्टवाली बाई, आणि आज, अकरा चाळीसला. बोलताना मला माझंच ऐकू येत होतं. ती मध्ये एकदाही हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, महिनाभर तू हे विचारत होतास?

मी म्हणालो, हो.

म्हणाली, सुरवंटाला?

मी हो म्हणालो.

तिने नारळ दुसऱ्या हातात घेतला. म्हणाली, मी बुधवारी तुझ्यासमोर बसले होते, सार्थक. अर्धा तास.

आतून कोणीतरी फोटोसाठी हाक मारली. ती आली आली म्हणाली आणि गेली. जाताना तिने मला जेवून जा असं सांगितलं. खरोखर सांगितलं, तोंडदेखलं नाही.

मी जेवलो नाही. ओटीवरून लोकांचे पाय चुकवत निघालो. बाहेर हायवेला कंटेनर लागले होते आणि सगळी धूळ घराकडे येत होती. मी उंबरा ओलांडतो तोच तिची आई मागून ओरडली, ए पोरा, जाताना दार लोटून घे रं, जेवनान् धूल येतंय.

मी लोटलं. नीट लागत नव्हतं. पुन्हा मागे वळून, दोन्ही हातांनी ओढून घेतलं.