बिनचिठ्ठीचा कोट

प्रिय टिंगू,

त्या दिवशी फोन आपटलास, म्हणून पत्र लिहितेय. हे मधेच तोडता येत नाही. बाबांना जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि ताईने दुकान उघडलं, लाज कशी वाटली नाही, असं म्हणालास ना? उघडलं. आज दहावा दिवस, आजही उघडंच आहे. काकांनी शटरला कुलूप घातलं होतं, त्याची किल्ली मी त्यांच्याकडून चारचौघांत मागून घेतली. लोक काय म्हणतील याची काळजी लोकांनी करावी.

तुला कुणी नीट सांगितलंच नसेल. बाबा कापायच्या टेबलाशी उभे होते, गळ्यात टेप, हातात खडू. अकराला चहा मागितला. मी घेऊन आले तर ते टेबलाच्या पायाला टेकून खाली बसलेले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. तो चहा कोण प्यायलं मला आठवत नाही, पण नंतर कप रिकामा होता.

मग घरात रडण्याची परीक्षा सुरू झाली. आत्या म्हणते, वहिनी रडत नाही हे बरं नव्हे, तिला रडवा. शेजारच्या काकू म्हणतात, मी फार रडते, मग आईने कुणाकडे बघायचं? आणि आई काय करते, तर चिंध्यांवर काजं करत बसते. एकामागून एक, बटणं पुरणार नाहीत एवढी. भेटायला आलेल्या एका गृहस्थांना तिने भर बैठकीत उभं केलं आणि विचारलं, ही पँट कुठल्या गाढवाने शिवली? बिचारे सांत्वनाला आले होते, टाचण्या लावून घेऊन गेले. आत्याने कपाळावर हात मारला. मी आत जाऊन पोट धरून हसले, आणि हसता हसता असं रडू फुटलं की भिंत धरावी लागली. आमचं हे असंच चाललंय. कुणाला बघवत नसेल तर त्याने डोळे मिटावेत.

दुकानात सतरा जणांचे कपडे अर्धवट पडले होते. एका मुलीची नोकरीची पहिली मुलाखत होती, ती काय आमच्या दुःखासाठी पुढे जाणार होती? तिचा ड्रेस मी पुरा केला. शिवताना डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण शिलाई सरळ आली. बाबांनीही उसवायला लावली नसती.

सगळ्या कपड्यांना चिठ्ठ्या होत्या, एका कोटाला नव्हती. राखाडी कापड, नुसता कच्चा टाका घातलेला. बाबांच्या हातातला खडू पडला तो त्यावरच. गिऱ्हाईक आज येईल, उद्या येईल म्हणून वाट बघितली, दारावर कागदही चिकटवला. काल आईने तो कोट उचलला, खांद्यांवरून हात फिरवला आणि मटकन खाली बसली. डावा खांदा अर्धा इंच खाली कापलाय. झाडावरून पडून हाड मोडून घेतलेला गाढव आमच्या ओळखीत एकच आहे. तेव्हा रडली आई. तिला आवरता आवरता आत्याच्या नाकी नऊ आले.

दुकानात बसणार नाही म्हणून तू गेलास, एकदा रागाने ‘जा’ म्हणाले म्हणून बाबा अडून बसले. चार वर्षं! तुझं माप मला विचारलं असतं तर मी दिलं असतं, पण विचारतील तर ते बाबा कसले. माप तू गेलास तेव्हाचं आहे. फक्त शिवणींच्या आत दोन-दोन बोटं कापड जास्त सोडलंय, तू अंगाने भरला असशील तर असावं म्हणून. बाबा गेले तेव्हा यायला तिकीट मिळालं नाही म्हणालास, मी हो म्हटलं. खरं मानलं नाही. आता ऐक. ट्रायल घेतल्याशिवाय कोट पुरा करायचा नाही, हा बाबांचा नियम तुला पाठ आहे, आणि मी तो मोडणार नाही. फोनवर माप सांगितलंस तर लिहून घेणार नाही. दुकान सकाळी नऊला उघडतं. येऊन आरशासमोर उभा राहा. टाचण्या मी लावीन, आणि एखादी टोचलीच तर ती मुद्दाम टोचली असं समज.

तुझीच,
अजून वठणीवर न आलेली
ताई