पडद्यावरून पाठ झालेलं

४ नोव्हेंबर

आजही जमलं नाही!

दुपारी कवितावाचन मंडळातल्या फुसाए-सान आल्या होत्या. खिडकीत सुकायला सोलून टांगलेली पर्सिमनची फळं, त्यांच्यामधून गाळून आलेलं ऊन थेट गादीवर. सगळं शाळेतल्या कवितेसारखं जुळून आलेलं – आणि माझं शरीर मात्र वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखं मख्ख! त्यांनी माझा हात हातात घेतला. "दमलात का?" "वय झालं," मी म्हटलं.

वय कसलं डोंबलाचं! काल एकटा असताना नाही आलं ते आडवं.

वहीपुढे काय लाजायचं? बायको, मिसाको, गेली आणि मी त्या नागड्या सिनेमांच्या तबकड्या बघायला लागलो. भाड्याने देणाऱ्या दुकानात मागे पडदा लावलेला कोपरा असायचा, तिथल्या. पुढे दुकान बंद पडलं तेव्हा मालकाने उरलेला माल मातीमोल विकला. मी खोकं भरून आणलं. जेवण, आंघोळ, तबकडी – असा दिवस. कुणाचं काही बिघडत नव्हतं. घरात कुणी नव्हतंच.

आता आहे.

७ नोव्हेंबर

विचार केला. चौथीत बाईंनी रानबदकांची कविता पाठ करून घेतली होती. आजही झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पाठांतराचं असंच असतं, ते शहाणपण विचारत नाही. पडद्यावरच्या या बोटभर बायांनी माझ्याकडून भलतंच पाठ करून घेतलंय. फुसाए-सान जवळ येतात, हळू, थोड्या घाबरत, त्यांचा गुडघा दुखतो – आणि माझं डोकं पुढच्या चित्राची वाट बघत बसतं. डोळे मिटले की त्या पोरी दिसतात. उघडले की फुसाए-सान. मग माझीच गाडी चुकते.

पण एक पाठ केलं तर दुसरंही करता येईल. माझं पाठांतर वर्गात पहिलं होतं!

ठरलं. खोकं घराबाहेर.

९ नोव्हेंबर

ठरवणं सोपं. टाकायचं कुठे? आमच्या गल्लीत कचऱ्याची पिशवी पारदर्शक लागते, वर मालकाचं नावही लिहावं लागतं. आत काय आहे ते अख्ख्या आळीला दिसतं!

एकेक तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळली. वरून चहाचे रिकामे डबे रचले. मग नाव लिहिलं – यासुमोतो. सगळा जन्म बोटींच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, नावं रंगवण्यात गेला. हात अजून कापत नाही. इतकं देखणं उतरलं की दोन पावलं मागे सरून बघितलं.

१२ नोव्हेंबर

अक्षरानेच घात केला.

फुसाए-सान आत चहा घेत होत्या. दारात गल्लीतल्या ओदागिरीबाई – या महिन्याची कचऱ्यावर देखरेखीची पाळी त्यांची. हातात माझी पिशवी, वर लाल चिठ्ठी.

"यासुमोतो-सान! गाडीवाल्यांनी उचलली नाही हो. तबकड्या डब्यांबरोबर चालत नाहीत, त्यांचा वार वेगळा. अक्षर तर लांबूनच ओळखलं मी!"

"आत... बघितलंत?"

"बघावंच लागतं. नियम आहे." कानापर्यंत लाल झाल्या होत्या बिचाऱ्या. पिशवी उंबऱ्यात ठेवली, कमरेतून वाकल्या आणि जवळजवळ पळाल्याच.

मागे वळलो तर फुसाए-सान, हातात पेला. फाटलेल्या कागदातून एक पोरगी आम्हा दोघांकडे बघून हसत होती.

भाच्याच्या आहेत, असं म्हणणार होतो. जिभेवर आलंही होतं. पण म्हटलं नाही. सगळं सांगितलं – रोज बघायचो, डोळे मिटले की काय होतं, तेही. "तुमच्यात काही कमी नाही. मीच दुसरीकडे असतो."

"माझ्या लक्षात आलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मिसाको-सान दिसतात तुम्हाला."

पेला विसळून पालथा घातला. बूट घातले. नेहमी म्हणतात तसं 'येते परत' म्हणाल्या नाहीत.

१३ नोव्हेंबर

फोन नाही. करणारही नाही. विचार करायला त्यांना वेळ द्यायला हवा. पण येतील! का कोण जाणे, वाटतं.

१७ नोव्हेंबर

सार्वजनिक सभागृहात कवितावाचन मंडळ. फुसाए-सान पार दुसऱ्या टोकाला बसल्या. माझी पाळी आली. रानबदकंच घेतली – आणि तिसऱ्या ओळीवर अडलो! मी! तेवढ्यात त्या टोकाकडून हळूच ओळ आली.

"यासुमोतो, मास्तरीणबाईंचं लक्ष आहे हं तुझ्यावर!" मंडळातला म्हातारा कुमाई ओरडला. सगळे हसले.

बूट घालताना फुसाए-सान शेजारी आल्या. "गेल्या का त्या?"

"गेल्या. योग्य वारी, नावासकट. ओदागिरीबाईंनी मान दुसरीकडे वळवली."

त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "महिनाअखेरीला मुळा आणते. सूप ठेवा तुम्ही."

२२ नोव्हेंबर

पहिले काही दिवस हात रिकामे-रिकामे वाटले. टीव्हीकडे पाठ करून बसतो. बागेतली पानं झाडतो, परत झाडतो. संध्याकाळी मोठ्याने कविता म्हणतो – शेजारचं कुत्रं भुंकतं. भुंकू दे. टिकतंय माझं!

२८ नोव्हेंबर

जमलं!!

डोळे उघडे ठेवले होते. त्यांच्या कानामागचा तीळ, केसांचा कापरासारखा वास, दुखऱ्या गुडघ्याखाली मी सरकवलेली उशी – सगळं दिसत होतं, पोरी कुठेच नाहीत. आणि फुसाए-सान! एवढ्या शांत बाई, पण त्यांचा आवाज... शेजारचं कुत्रं गप्प झालं असेल. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे ऐकायला मिळालं. नंतर मुळ्याचं सूप दोन वाट्या प्यालो. नापास पोरगा पहिला आला!

३० नोव्हेंबर

फुसाए-सान आज भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "परवाचा तो आवाज माझा नव्हे. आमचे हे होते तेव्हा तसल्या सिनेमांच्या फिती लावायचे आणि म्हणायचे, पडद्यावरच्या हिच्यासारखी ओरड. सगळा संसार तसाच झाला. आता आपोआप येतो. तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून मीही सांगते."

मी नळ बंद केला. मग विचारलं, "मग तुम्हाला काय आवडतं?"

फडकं हातात तसंच राहिलं. "माहीत नाही हो," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलंच नव्हतं."