एकटीचं नको

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. हा नुसता कागदावरचा नाही बरं. आता मला खरोखर साष्टांग घालता येतो आणि कुणी हात न देता उठताही येतं. भेटशील तेव्हा करून दाखवेन.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तू "बरी आहे" यापलीकडे जात नाहीस आणि कागद मिळाला की मोकळी होतेस, म्हणून मीही कागदच घेतला. फोटो बघून तू विचारलंस, "एवढी कशाने उतरलीस? दुखणंबिखणं लपवत नाहीस ना?" नाही. सांगते सगळं, पण आधी बाकीचं ऐक.

लेकीचे पुढचे दोन दात पडलेत. शिट्टी वाजवायची सोय आपसूक झाली म्हणून ती खूश आहे आणि घर बहिरं व्हायच्या बेतात आहे. ह्यांच्या सलूनला नवीन खुर्ची आली. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक कमी आणि हेच जास्त वेळ तीवर बसले होते.

आणि मी परत क्रेनवर आहे.

मला खाली उतरवलं तेव्हा तू फोनवर माझ्यापेक्षा जास्त रडली होतीस, म्हणून ही ओळ वेगळी लिहिली. क्रेनच्या टॉवरच्या आतल्या उभ्या शिडीवरून चढताना जो सेफ्टी पट्टा लावतात, त्याला वजनाची मर्यादा असते. लेकीच्या वेळच्या बाळंतपणानंतर वजन वाढतच गेलं आणि मी ती ओलांडली. गुडघेही कुरकुरायला लागले होते. मग मला गेटवर बसवलं, येणाऱ्या ट्रकची नोंद करायला. वर माझ्याच क्रेनवर परका माणूस, आणि मी खाली मान वर करून बघतेय. मानेचं दुखणं तेवढं फुकटात मिळालं.

चालून झालं, उपाशी राहून झालं. उपाशी राहिले की घरात सगळ्यांवर डाफरायची. एक दिवस हे म्हणाले, "वजन राहू दे, पण तू जेव." शेवटी साइटच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन लिहून दिलं. आठवड्याला एक, पोटावर टोचायचं. कोणतं ते तू ओळखलंच असशील, ताई. त्याबद्दल पुढे लिहिते.

औषधवाल्याने भाव सांगितला. मी म्हटलं, "अहो, महिन्याचं नको, एकाचं सांगा." तो म्हणाला, "एकाचंच सांगितलं." मी त्याचे आभार मानले आणि खोकल्याच्या गोळ्या घेऊन बाहेर आले. खोकला नव्हता. रिकाम्या हाताने बाहेर पडायला जड जात होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळं बोलून टाकलं. आमच्यात एक सिग्नल देणारा आहे, खालून ओरडला तरी वर क्रेनमध्ये ऐकू येतं, म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणतात. तो म्हणाला, "मलाही लिहून दिलंय. चिठ्ठी पाकिटात ठेवलीय, तेवढंच पाकीट जाड दिसतं." मग कँटीनची मावशी म्हणाली, तिलाही. तिची साखर तर किती वाढलेली. आम्ही तिघं एकाच बाकावर बसत होतो, बाक रोज कण्हत होता, आणि एकमेकांना पत्ता नव्हता.

तेवढ्यात भोंगा त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "मोठे साहेब कसे एवढे बारीक झाले मग?" साहेब नेमके मागून जात होते.

ते थांबले. माणूस खोटं बोलणारा नाही. म्हणाले, "तेच घेतो मी. खिशातून नाही, ऑफिसवाल्यांच्या विम्यात बसतं." मी विचारलं, "आणि आमच्या?" त्यांनी चौकशी केली. आमच्या विम्यात गुडघा बदलायचं ऑपरेशन बसत होतं, हे इंजेक्शन बसत नव्हतं. म्हणजे गुडघा पूर्ण झिजेपर्यंत थांबायचं, मग कंपनी नवीन देणार. सांगताना साहेबांनाच हसू आलं.

चार दिवसांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून घेतलं. म्हणाले, "क्रेन चालवणारी तुमच्यासारखी मिळत नाही, बाहेरचा माणूस महागात पडतोय. तुमचं एकटीचं करून देतो. फक्त बाहेर बोलू नका."

ताई, तोंडात आलेलं 'हो' मी कसं गिळलं ते माझं मला माहीत. क्रेन समोर खिडकीतून दिसत होती. पण ते 'एकटीचं' म्हणाले आणि मला तू दिसलीस. बाबांची चिठ्ठी हातात घेऊन औषधवाल्याच्या काउंटरपाशी उभी असलेली. मागे रांग, आणि तू एकटी.

मी म्हटलं, "साहेब, एकटीचं नको. ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिलंय, त्या सगळ्यांचं करा."

"ते माझ्या हातात नाही."

"मग ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे आपण सगळे जाऊ. तोवर गेटवर बसते. बसायची सवय झालीय."

घरी येऊन मी भरपूर रडले. ह्यांनी डोक्याला तेल लावून दिलं.

पण साहेब खरंच आमच्याबरोबर मुख्य ऑफिसात आले. त्या मऊ सोफ्यावर आम्ही तिघं बसलो ते उठता येईना, तेव्हा पलीकडून साहेबांनी एकेकाला ओढून काढलं. समोरचे अधिकारी हसले आणि तिथून बोलणं सोपं झालं. दोनदा 'बघू' म्हणाले, तिसऱ्यांदा 'हो' म्हणाले. आता थोडे पैसे आमच्या पगारातून जातात, बाकीचे कंपनी भरते. वर्षभरापुरतं आहे, पुढच्या वर्षी पुन्हा भांडावं लागेल. भांडू. सुरुवातीला मळमळायचं, पण भोंगाही माझ्याइतकाच हैराण होता, त्यामुळे सोबत होती.

शेवटी वजन पट्ट्याच्या मर्यादेत आलं आणि मागच्या सोमवारी मी चढले. ह्यांनी दुकान बंद ठेवलं होतं. मावशी हातात झारा घेऊन तशीच बाहेर आली. मध्ये एकदा टेकले, दम खाल्ला आणि पोचले. खुर्चीत बसले आणि लिव्हरवर हात ठेवले. खालून भोंगा वॉकीटॉकीवर म्हणाला, "पोचलीस का?" मी म्हटलं, "पोचले." पुढे दोन्हीकडून नाक ओढल्याचाच आवाज. मग तो म्हणाला, "चल, सळया उचल. पगार रडायचा मिळत नाही." पहिलाच बोजा मी असा अलगद टेकवला की धूळसुद्धा उडाली नाही.

आता जे लिहायचं म्हणून हे पत्र घेतलं, ते लिहिते. बाबा गेल्यापासून त्यांचं तू कधी बोलत नाहीस, म्हणून मीही बोलत नाही. ते औषध मी घेतेय हे तुला कसं सांगू, याच विचारात कित्येक महिने गेले. पोटावर टोचताना दर वेळी वाटतं, बाबांना हे मिळायला हवं होतं. तुलाही तेच वाटत असणार, आणि वर तू स्वतःलाच बोल लावत असणार. तो भाव ऐकून तू परत फिरलीस. मीही फिरले. आपल्यासारखं कुणीही फिरलंच असतं. माझं नशीब एवढंच की मला कण्हणारा बाक सापडला.

ताई, तुझी अंगकाठी बाबांचीच आहे. तुझे पाय सुजतात हे तू लिहीत नाहीस, पण तुझ्या फोटोत पट्टे सैल सोडलेल्या चपला दिसतात. डॉक्टरांकडे जा. दुसऱ्या कंपन्यांनीही ते औषध काढल्यापासून भाव थोडा उतरलाय, आणि तुझ्या शिलाईच्या कारखान्यात शंभर बायका आहेत. कितीजणींच्या पर्समध्ये तीच चिठ्ठी घडी घालून पडली असेल, विचारून तर बघ.

फक्त एकटी जाऊ नकोस. शेजारच्या मशीनवरचीला बरोबर घे.

वरून तुझ्या गावाकडचा रस्ता दिसतो, रोज बघते.

तुझी,
धाकटी